नागपुरातला इनलाइन गोलकीपर, आइस हॉकीचा प्रोफेशनल गोली व्हायचंय: वाट कशी असते?

धरमपेठची_मावशी

भाचा १४ वर्षांचा आहे, इनलाइन हॉकीत गोलकीपर. उंची १६४ सेंमी, अजून वाढतोय. पहाटे साडेचारला उठून एनएचएलचे (अमेरिका-कॅनडाची सर्वांत वरची आइस हॉकी लीग) सामने बघतो आणि आता घरात जाहीर केलंय की आइस हॉकीचा प्रोफेशनल गोली व्हायचं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, बर्फ दिसतो तो रसवंतीत, हे त्यालाही ठाऊक आहे. त्यामुळे "वेड सोडून दे" हे उत्तर नको, ते त्याला घरी रोज मिळतंय.

विचारायचं असं की या धंद्यात माणूस शिरतो कसा, कोणत्या वयात, आणि शेवटी जागा किती असतात? ऑनलाइन एक जण वापरलेला पूर्ण आइस सेट विकतोय, पॅड ३५ इंची. "वाढतं अंग आहे, दोन-तीन वर्षं पुरतील" म्हणतो. घ्यावा का? आणि बर्फ नसताना इथे काय करून घेतलं तर पुढे वाया जाणार नाही? ताई-भाऊजींचं बजेट बेताचं आहे. पैसे कुठे घालायचे आणि कुठे अजिबात नाही, तेवढं स्पष्ट सांगा.

निळी_रेषा

मावशी, आधी जागांचा हिशेब. एनएचएलमध्ये ३२ संघ, प्रत्येकाकडे दोन गोली. म्हणजे साऱ्या जगासाठी ६४ जागा. २०२५-२६ पर्यंतच्या ८२ सामन्यांच्या मोसमात पहिला गोली साधारण ५०-६० सामने खेळतो, दुसरा उरलेले. बाकीच्या रात्री दुसरा गोली टोपी घालून बाकाच्या टोकाला बसतो आणि सरावात सगळ्या संघाचे फटके अंगावर घेतो. फॉरवर्डला चौथ्या फळीतून तिसरीत, तिसरीतून दुसरीत सरकता येतं. गोलीला अशी मधली पायरीच नाही. वरचा जखमी झाला, दुसऱ्या संघात गेला किंवा त्याचा फॉर्म गेला तरच खालच्याला दार उघडतं.

खाली एएचएल, तिथेही ३२ संघ. त्याखाली ईसीएचएल. युरोपात स्वीडनची एसएचएल, फिनलंडची लीगा, जर्मनीची डीईएल, शिवाय झेक आणि स्विस लीग. रशियाच्या बाजूला केएचएल. गोलकीपिंगवर घर चालवणारे बहुतेक लोक या खालच्या आणि युरोपातल्या लीगांतच सापडतील, एनएचएलमध्ये नाही.

वाट साधारण अशी: कॅनडात १५ व्या वर्षापर्यंत गावचा क्लब, मग १६ ते २० मेजर ज्युनिअर (त्या वयोगटातल्या वरच्या लीग), म्हणजे ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्यूएमजेएचएल. अमेरिकेत यूएसएचएल किंवा एनएएचएल आणि तिथून विद्यापीठात एनसीएए (तिथल्या कॉलेजांच्या खेळांची संघटना). पूर्वी मेजर ज्युनिअर खेळलेल्याला एनसीएएचं दार बंद असायचं, ऑगस्ट २०२५ पासून ते उघडलं. ऐकायला छान वाटतं, पण २० वर्षांचा मुरलेला ज्युनिअर गोली आता कॉलेजच्या जागेसाठीही रांगेत उभा आहे, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला गर्दी वाढलीच. कॅनडाच्या ज्युनिअर लीगांनी २०१४ ते २०१८ परदेशी गोली निवडणंच थांबवलं होतं. ती बंदी उठली खरी, पण संघाकडे परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात आणि त्यातली एक गोलीवर घालायची तर तो तसा असावा लागतो.

ड्राफ्ट, म्हणजे एनएचएल संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडणं, १८ व्या वर्षी, सात फेऱ्या. इथे मात्र भाच्याच्या बाजूने बोलणारी गोष्ट आहे. गोली उशिरा पिकतात आणि ड्राफ्टमध्ये त्यांचा अंदाज वारंवार चुकतो. डॉमिनिक हाशेक १९८३ मध्ये १९९ वा निवडला गेला, हेन्रिक लुंडक्विस्ट २००० मध्ये २०५ वा, पेक्का रिन्ने २००४ मध्ये २५८ वा. सर्गेई बोब्रोव्स्कीला तर कुणी निवडलंच नाही. पुढे फ्लोरिडाकडून २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ दोन स्टॅन्ली कप (एनएचएलचं विजेतेपद) त्याने गोलमध्ये उभं राहून जिंकले. टिम थॉमस १९९४ मध्ये २१७ वा, अधेमधे फिनलंड-स्वीडनमध्ये खेळला, एनएचएलमध्ये खऱ्या अर्थाने स्थिरावला तो तिशी ओलांडल्यावर, आणि मग २००९ व २०११ ची वेझिना ट्रॉफी, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम गोलीचा मान. उलट बाजूही बघा: रिक डिपिएत्रो २००० चा पहिल्या क्रमांकाचा, २००६ मध्ये १५ वर्षांचा करार. दुखापतींनी इतका खिळखिळा झाला की २०१३ मध्ये संघाने उरलेला करार पैसे मोजून मोडला.

पैसा? २०२५-२६ च्या मोसमात एनएचएलचा किमान पगार ७ लाख ७५ हजार डॉलर. त्याच मोसमापासून इगोर शेस्टर्किनचा करार सरासरी १ कोटी १५ लाख डॉलर वर्षाला. एएचएलमध्ये आकडे एकदम खाली येतात आणि ईसीएचएलमध्ये तर आठवड्याच्या हिशेबाने पगार.

माझं मत: एनएचएल भिंतीवरच्या पोस्टरवर राहू द्या. खर्चाचा आराखडा मात्र भारतीय संघ, आणि पुढे परदेशी शिकायला गेलाच तर विद्यापीठाचा क्लब संघ (अमेरिकेत एसीएचए) इथपर्यंतचाच करा. त्यापलीकडे गेला तर तेव्हाचं तेव्हा बघता येईल.

पाइप_आणि_पक

३५ इंची पॅड घेऊ नका. दोन वर्षं पुरतील म्हणणाऱ्याला विचारा, त्या दोन वर्षांत गुडघा कुठे टेकणार?

गोली बटरफ्लायमध्ये (गुडघे टेकून, पाय दोन्ही बाजूंना पसरून) खाली बसतो तेव्हा पॅड पायाभोवती फिरून आडवा होतो आणि गुडघा आतल्या बाजूच्या जाड गादीवर, नी-ब्लॉकवर पडतो. पॅड दोन-तीन इंच मोठा असला की गुडघा त्या गादीच्या खाली सटकतो. मग पॅड पूर्ण फिरत नाही, वरचे मांडीचे भाग एकमेकांवर आदळतात, पोरगं पाय ओढून पॅड फिरवायला बघतं आणि सगळा पीळ खुब्यावर येतो. पॅडची रुंदी नियमानेच ११ इंचांत असते, उंची मात्र माणसाप्रमाणे.

माप घरी घेता येतं. स्केट घालून खुर्चीवर बसवा, गुडघा काटकोनात. घोट्याच्या पुढच्या वळणापासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत एक माप, तिथून मांडीच्या निम्म्यापर्यंत दुसरं. मग ज्या कंपनीचा पॅड घेताय त्याच कंपनीच्या तक्त्यात ते बघा, कारण एकीचं ३२ म्हणजे दुसरीचं ३२ नव्हे. "३२+१" मधला एक म्हणजे मांडीवर जादा दिलेला इंच. १६४ सेंमीच्या मुलाला बहुधा ३१-३२ च्या आसपास बसेल. वाढीसाठी ठेवायचं तर फार तर एक इंच, तोही वरच्या मांडीच्या भागात, गुडघ्याच्या खाली नाही.

नवं काय, जुनं काय? मास्क, स्केट, गळ्याचं गार्ड आणि कप (जांघेचं संरक्षक) नवे. पॅड, ब्लॉकर (स्टिकच्या हाताचा सपाट ग्लोव्ह), कॅचर (झेलायचा ग्लोव्ह), पँट जुने चालतात. छातीचं प्रोटेक्टर जुनं घेतलंत तर दंडाच्या आणि गळ्याजवळच्या फोमवर अंगठा दाबून बघा. दाबलेला खड्डा तसाच राहिला तर तो फोम मेला. इनलाइनचं पातळ प्रोटेक्टर बर्फावर चालणार नाही. आइस हॉकीचा पक कडक रबराचा, ३ इंच व्यासाचा, १ इंच जाड, १५६ ते १७० ग्रॅम. इनलाइनचा पक त्याच्यापुढे खूपच हलका. कॉलरबोनवर बसला की फरक कळतो.

मास्क घेताना जाळी बघा. टीव्हीवर प्रोफेशनल गोली मोठ्या तिरप्या फटींची "कॅट-आय" जाळी वापरतात. दिसायला भारी, पण स्टिकच्या पात्याचं टोक आत शिरू शकतं. लहान गटांत प्रमाणित, बारीक फटीची जाळीच लागते. कवचाला केसाएवढी चीर दिसली तरी तो मास्क बाद, वरून रंग मारून विकणारे आहेत. एनएचएलचा गोली जाक प्लांट याच्या तोंडावर १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये पक बसला, टाके घालून तो मास्क लावूनच परत आला. तोवर बहुतेक गोली उघड्या तोंडाने खेळत. आज तुम्हाला स्वस्तातला मास्क घेऊन इतिहास गिरवायची गरज नाही. गळ्याच्या गार्डबद्दल वाद नकोच: १९८९ मध्ये गोली क्लिंट मलारचुकचा गळा स्केटच्या पात्याने चिरला होता, आणि आता आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत ते सक्तीचं आहे. मास्कखाली लोंबणारी प्लास्टिकची पट्टी पकसाठी असते, पात्यासाठी नाही. दोन्ही हवेत.

स्टिकमध्ये पॅडलची लांबी बघा, म्हणजे पात्यापासून वरचा रुंद भाग. नियमाने तो २६ इंचांपर्यंत, पण या वयाला २३-२४ पुरे. स्टान्समध्ये (फटक्याची वाट बघत उभं राहताना) पातं पूर्ण सपाट टेकलं पाहिजे. पॅडल लांब असलं की ब्लॉकरचा हात वर ढकलला जातो आणि पात्याचं टोक उचलतं, मग पायांमधून गोल.

पट्ट्यांबद्दल एक. नवशिक्यांची आई पोटरीची पट्टी बुटाच्या नाडीसारखी करकचून बांधते. ती सैल हवी, दोन बोटं सहज फिरली पाहिजेत, नाहीतर पॅड फिरणार नाही. गुडघ्याची पट्टी जरा घट्ट, पंजाची इलॅस्टिक दोरी सैल.

आणि हे नागपूर आहे. एप्रिल ते जून गाडीच्या डिकीत किट ठेवायचं नाही, चिकटवलेले थर सुटतात. सरावानंतर सगळं बाहेर काढून पंख्याखाली सावलीत पसरायचं, कॅचर तोंड उघडं ठेवून. उन्हात वाळवलेलं चामडं-रेक्झिन तडकतं. पावसाळ्यात उलट त्रास, बंद पिशवीत दोन दिवसांत बुरशी. पिशवीत किट ठेवायची जागा म्हणजे फक्त प्रवास.

नव्या किमती: प्रो-श्रेणीचे पॅडच दीड-दोन हजार डॉलरच्या वर, त्यावर कुरिअर आणि ड्युटी. वाढत्या मुलासाठी ही श्रेणी बघूच नका, इंटरमीडिएट पुरे.

टी_पुश

तिसऱ्या प्रश्नावर येतो. इनलाइनवरून बर्फावर जाणाऱ्या गोलीच्या सवयी ठरलेल्या असतात: गोललाइनला चिकटून उभं राहणं, लवकर खाली बसणं आणि पाय मारून पक अडवणं. इनलाइनला हे खपतं, कारण खाली बसल्यावर सरकता येत नाही आणि चाकांना बाजूने खरडून थांबता येत नाही. बर्फावर कडेने ढकलून गुडघ्यावर सरकायचं असतं, तिथे या सवयी नडतात.

हिशेब बघा. ९ मीटरवरून ताशी १०८ किमीचा फटका म्हणजे सेकंदाला ३० मीटर. पक ०.३ सेकंदात पोचतो. त्यातला सुमारे ०.२ सेकंद डोळा ते स्नायू यातच जातो. उरलेल्या ०.१ मध्ये हात किती हलणार? म्हणून गोली हा "झेलणारा" कमी आणि आधीच योग्य जागी जाऊन उभा राहिलेला जास्त असतो.

ही जागा नागपुरात शिकवता येते, फक्त दोरी लागते. वेल्डरकडून आतून १८३ बाय १२२ सेंमीची पाइपची चौकट करून घ्या. क्लबमध्ये क्वाड स्केटवाल्या रोलर हॉकीचा गोल असेल तर तो १७० बाय १०५ असतो, त्यावर सराव केला तर कोन चुकीचे बसतात. दोन्ही खांबांना जमिनीलगत एकेक दोरी बांधा, दुसरी टोकं ९ मीटरवर पक ठेवलाय तिथे आणून खुंटीला बांधा. गोली गोललाइनवर असेल तर झाकायची रुंदी १८३ सेंमी. तोच दीड मीटर पुढे आला की दोन दोऱ्यांमधलं अंतर उरतं साधारण १५२. एक फुटाचा फायदा, तोही हात न हलवता. वरच्या दांड्यापासून तिसरी दोरी आणली तर त्याच जागी उंची १२२ वरून १०२ वर येते. पक पाच ठिकाणी हलवा, प्रत्येक वेळी त्याने डोळे मिटून जागा घ्यायची, मग डोळे उघडून दोऱ्यांशी ताडून बघायची. बहुतेक पोरं खांबाच्या जवळच्या बाजूला जास्त झुकतात. ते लगेच दिसतं.

हालचाली दोनच पक्क्या करा: शफल (पावलं न उचलता बाजूला, खांदे पककडे) आणि टी-पुश (मागचा पाय काटकोनात लावून लांब ढकल, आधी डोकं वळतं, मग स्टिक, मग पाय). चाकांवर क्रम तरी बसतो. थांबणं बर्फावरच शिकेल.

आरव्हीएच, म्हणजे खांबाकडचा पॅड बर्फावर आडवा टाकून दुसऱ्या पायाने ढकलत खांबाला चिकटायचा प्रकार, टीव्हीवर सारखा दिसतो. पोरं तोच आधी शिकतात. या उंचीला तो शक्यतो नकोच. खांदा दांड्यापर्यंत पोचत नाही, जवळच्या खांबावरून वर गोल बसतो.

निळी_रेषा

@टी_पुश, आरव्हीएच पूर्ण बंद हे पटत नाही. पक गोललाइनच्या मागे असेल, किंवा समोरचा अगदी कोनाच्या तळातून आत घुसत असेल, तिथे तोच बरा. पक कोपऱ्यातून फेसऑफ वर्तुळाच्या खालच्या कडेला आला की मात्र उभं राहायचं. चूक तंत्राची नसते, फार लवकर बसण्याची असते.

टी_पुश

मान्य, पण १४ वर्षांच्या मुलाला "कधी" शिकवायला समोर गोलकीपिंग कोच हवा. यूट्यूब "कसं" दाखवतं, "कधी" दाखवत नाही.

धरमपेठची_मावशी

खूप आभार. ३५ इंचीवाल्याला नाही कळवलं. दोन शंका: स्लाइड बोर्ड (मोजे घालून बाजूला सरकायचा गुळगुळीत फळा) बाहेरून मागवायचा तर बराच महाग दिसतो, इथे बनतो का? आणि भाचा हल्ली सरावानंतर जांघेत दुखतं म्हणतो, पुढच्या बाजूला. स्ट्रेचिंग वाढवायला सांगितलंय क्लबात.

रंधा_पटाशी

ताई, बोर्ड बाहेरून मागवाची काई गरज नाई. १८ एमएमचा प्लाय घ्या, त्याच्यावर १ एमएमची चकचकीत सनमायका. मॅट नका घेऊ, पाय सरकतच नाई. ८ बाय ४ च्या शीटमधून ६ फूट बाय २ फूटची पट्टी निघते, आन उरलेल्यातून अजून एक निघते, क्लबातल्या एखाद्या पोराले देऊन टाका, खर्च दोघांत.

दोन्ही टोकाले लाकडाची जाड पट्टी, आतली बाजू तिरपी रंधून घ्या आन त्याच्यावर रबर लावा, पाय तिथं टेकते. स्क्रू खालून मारा. वरून मारला तं सनमायका तडकते आन मोजा अडकून पोरगं तोंडावर पडते. सनमायका चिकटवल्यावर रातभर सारखं वजन ठेवा, मधातच नाई तं काठालेही. उन्हाळ्यात हे काम सकाळी करा, दुपारी गोंद पसरवेपर्यंत सुकून जाते आन महिन्याभरात काठ उचलते. सनमायकेचे काठ कानशीनं गोल करा, धार राहिली तं पाय कापते.

खाली रबर मॅट टाका, नाई तं टाइलवर अख्खा बोर्डच सरकत जाते. वरून फर्निचरचं सिलिकॉन पॉलिश, अगदी थोडं. पायात जोड्यावरून जाड मोजे. टाल्कम पावडर मारू नका, बसते आन गोळे होतात.

सांधे_आधी

मावशी, स्ट्रेचिंग वाढवू नका. आधी दाखवून घ्या, तेही क्रीडा-दुखापती बघणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाला किंवा फिजिओला.

बटरफ्लायमध्ये मांडीचं हाड खुब्याच्या वाटीत आत वळतं आणि त्याच वेळी सांधा वाकलेला असतो. वाढीच्या वयात हे शेकडो वेळा झालं की काही मुलांत मांडीच्या हाडाच्या मानेवर जादा उंचवटा येतो आणि तो वाटीच्या कडेला घासतो. फेमोरो-अ‍ॅसिटॅब्युलर इम्पिंजमेंट म्हणतात याला. आइस हॉकी खेळणाऱ्यांत, त्यातही गोलींत, हे प्रमाण जास्त आढळतं. पुढे वाटीच्या कडेची गादी, म्हणजे लेब्रम, फाटते. एनएचएलचा गोली टुका रास्क याचं खुब्याचं ऑपरेशन २०२१ मध्ये झालं, परत आला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये निवृत्त झाला. ही या धंद्याची ओळखीची अखेर आहे.

घरी बघायच्या खुणा: पुढून, जांघेच्या घडीत दुखणं. खाली बसून नाडी बांधताना, दुचाकीवर मागे बसताना किंवा वर्गात फार वेळ बाकावर बसल्यावर वाढणं. पाठीवर झोपवून गुडघा छातीकडे आणि पाऊल बाहेर नेलं (म्हणजे मांडी आत वळली) की चिमटा बसल्यासारखी कळ येणं. ही कळ हाडाला हाड लागल्याची असू शकते. त्यावर जोर लावून ताणणं म्हणजे ती कडा आणखी घासणं. लंगडत असेल, रात्री दुखत असेल तर उद्याच जा. या वयात मांडीच्या हाडाचं वरचं टोक घसरण्याचा वेगळा आणि तातडीचा आजारही असतो, तो एक्स-रेशिवाय कळत नाही.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्यावर काम ताकदीचं: कोपनहेगन प्लँक (वरचा पाय बाकावर, खालचा मोकळा), सुरुवातीला गुडघा टेकवून, १५-२० सेकंद, दोन्ही बाजूंना तीनदा. एका पायावरचं स्क्वॅट, गुडघा आत पडू न देता. बसून ९०-९० मध्ये खुब्याचं फिरवणं, कळ येण्याच्या आधी थांबून. स्लाइड बोर्ड २० सेकंद काम, ४० सेकंद विश्रांती, सहा फेऱ्या, आठवड्यात दोनदा, बस. बटरफ्लायचे "दिवसाला २०० ड्रॉप" वगैरे आव्हानं सिमेंटच्या गच्चीवर करायची नाहीत. आणि वर्षातले दोन-तीन महिने पॅड पूर्ण बंद, त्यात फुटबॉल, बॅडमिंटन, पोहणं काहीही. आपल्याकडे उन्हाळ्याने हे आपसूक जमतं.

गुपुक_डिसेंबर

बर्फाचं राहिलंय. भारतात गोलीसाठी खरं केंद्र लडाख. तिथे लेहच्या नवांग दोरजे स्टोबदान संकुलात कृत्रिम बर्फाचं रिंक आहे, बाकी गुपुक, करझू अशा ठिकाणी नैसर्गिक बर्फ, साधारण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचे बर्फावरचे खेळ २०२४ पासून लेहला होतात. देशाची संघटना १९८९ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य आहे. पुरुष संघ २००९ मध्ये अबू धाबीला पहिल्यांदा उतरला, महिला २०१६ मध्ये तैपेईला, आणि महिलांनी २०२५ मध्ये अल ऐनच्या आशिया कपात ब्राँझ मिळवलं. इथे पगारी "प्रोफेशनल" लीग नाही. मजबूत संघ लष्कर आणि आयटीबीपीचे, म्हणजे खेळाडूचा पगार नोकरीचा. महिला संघाची गोलकीपर राहिलेली नूर जहाँ लडाखच्या जुन्या भित्तिचित्रांचं जतन करते, तेच तिचं काम.

पहिल्या हिवाळ्यात स्पर्धा नको, दहा-बारा दिवसांचा कॅम्प पकडा आणि जायच्या आधी विचारा: गोलीसाठी वेगळा कोच आहे का? रोज क्रीजमध्ये (गोलसमोरच्या गोलीच्या जागेत) किती मिनिटं मिळतील? नाहीतर पोरगं नुसतं फटके खायला उभं राहतं. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, लेह ३५०० वर. पहिले दोन दिवस पूर्ण आराम, पाणी भरपूर, तिसऱ्या-चौथ्या दिवशी बर्फावर. पहिल्याच दिवशी स्केट चढवणाऱ्याचं डोकं दुखतं आणि मग सगळा कॅम्प खोलीत.

धारेचं बघा. गोलीच्या स्केटचं पातं लांब नि सपाट, बूट खालचा. धारेच्या मधल्या खोबणीची त्रिज्या इंचात सांगतात, आकडा लहान तितकी पकड जास्त. नवशिक्या गोलीला ५/८ किंवा १/२ बरं. अर्ध्या इंचावर ढकलताना पकड मिळते, ५/८ वर सरकायला सोपं. लेहचा बर्फ थंड नि कडक, म्हणून पकड थोडी जास्तच लागते. वर नैसर्गिक बर्फात वाळूचे कण असतात, दोन-तीन सत्रांत कडा जाते. नखावर पातं हलकेच ओढा, दोन्ही कडांनी सारखा पांढरा भुगा निघाला पाहिजे. स्केटला धार लावणारा माणूस नागपुरात शोधत बसू नका, चाकू-कात्रीवाल्याकडे तर अजिबात नको, तो मधली खोबणीच घालवेल. जाण्याआधी दिल्लीत किंवा पोचल्यावर लेहमध्ये करून घ्या. सत्र संपलं की पातं कोरडं पुसा. कडक प्लास्टिकचं कव्हर चालण्यापुरतं, ठेवताना कापडी.

नोंदवही

एक छोटी भर. मोबाइल ट्रायपॉडवर गोलच्या मागे, दांड्याच्या उंचीपेक्षा जरा वर लावून प्रत्येक सामना चित्रित करा. नंतर कागदावर रिंक काढून प्रत्येक फटक्याची जागा, गोल कुठून शिरला, आणि अडवलेला पक कुठे गेला हे मांडा. तिसरा रकानाच खरा. रिबाउंड समोर परत जातोय की कोपऱ्यात, कोच तेच बघतात.

सेव्ह टक्केवारी काढायची तर २८ फटके, ३ गोल म्हणजे २५ भागिले २८, .८९३. गोलची सरासरी: ५८ मिनिटांत ३ गोल, म्हणून ३ गुणिले ६० भागिले ५८, ३.१०. एनएचएलची सरासरी सध्या .९०० च्या आसपास, दहा वर्षांपूर्वी .९१५ च्या. शालेय सामन्यातले .९५० कुणाला दाखवू नका, फटके कोणत्या दर्जाचे होते हे त्यात नसतं.

धरमपेठची_मावशी

उद्याची अपॉइंटमेंट घेतलीये खुब्यासाठी. बोर्ड डॉक्टरांनंतर. लेहचं जमलंच तर विमानात एवढं किट नेतात कसं?

गुपुक_डिसेंबर

गोलीचं पूर्ण किट १८-२० किलो भरतं आणि देशांतर्गत तिकिटावर बहुधा १५ किलो मिळतात. जादा वजन विमानतळावर नाही, तिकीट काढतानाच ऑनलाइन घ्या, स्वस्त पडतं. मास्क आणि स्केटचे बूट हातातल्या पिशवीत. पात्यांवर सुरक्षावाले अडवू शकतात, म्हणून काढता येणारी पाती असतील तर ती चेक-इनमध्ये टाका. पॅड समोरासमोर ठेवून मध्ये छातीचं प्रोटेक्टर घाला. दोन स्टिक एकत्र बांधून टोकांना कापड, आणि दिल्लीत विमान बदलताना सामान थेट लेहपर्यंत टॅग झालंय का ते नागपूरच्या काउंटरवरच विचारून घ्या. कडाक्यात लेहची विमानं हवामानामुळे रद्द होतात, परतीला एक दिवस मोकळा ठेवा.